निओफोरजेला कनेक्ट होताना मी जिथे अडकले

सहा वर्षं मायएसक्यूएलवर काम केल्यावर माझ्याकडे निओफोरजे या ग्राफ डेटाबेसचं काम आलं. पुरवठादार, त्यांचे संचालक, त्यांची बँक खाती आणि पत्ते यांचं जाळं उभं करायचं होतं. सायफर ही त्याची क्वेरीची भाषा शिकायला मला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो कनेक्शनच्या एका ओळीचा, आणि तोही असा की अजून कोणी नवीन माणूस ‘कनेक्ट होत नाहीये’ म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे लिहितेय.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. ड्रायव्हरचा (अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) पोर्ट ७६८७, ब्राउझरचा ७४७४. यूआरआयमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या पत्त्यात, ७४७४ टाकून बसू नका. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये २.४ पासून प्रॉपर्टीचं नाव ‘स्प्रिंग.निओफोरजे.यूआरआय’ असं आहे. जुन्या उत्तरांतून उचललेली, मधे ‘डेटा’ असलेली ओळ नव्या व्हर्जनमध्ये कोणी वाचतच नाही. मग अ‍ॅप्लिकेशन गपचूप लोकलहोस्टला जातं, आणि तुमच्या लॅपटॉपवर निओफोरजे चालू असेल तर सगळं छान चाललंय असंच वाटतं. पासवर्ड तीनदा चुकला की त्या युजरला पाच सेकंद कुलूप लागतं, तेव्हा घाबरून पुन्हा पुन्हा एंटर मारू नका. ड्रायव्हर ऑब्जेक्ट अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एकच ठेवायचा. सेशन मात्र हवी तेव्हा उघडा आणि बंद करा. एवढं पुरे.

आता खरा सापळा.

आमचं क्लस्टर, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणाऱ्या सर्व्हरचा गट, निओफोरजे ४.४ चं होतं, तीन कोअर सर्व्हरचं. माझ्या लॅपटॉपवरून तिथे थेट जाता येत नव्हतं, म्हणून एसएसएच टनेल (आतल्या सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित मार्ग) काढून पहिल्या सर्व्हरचा ७६८७ माझ्या लोकलहोस्टवर आणला होता. यूआरआय होता ‘निओफोरजे://लोकलहोस्ट:७६८७’. लॉगिन व्हायचं, पण पहिली क्वेरी टाकली की ड्रायव्हर म्हणायचा, सर्व्हरशी कनेक्शन मिळत नाही. त्याच ओळीच्या शेवटी त्याला माहीत असलेलं राउटिंग टेबल छापलेलं असायचं, तिन्ही सर्व्हरच्या आतल्या नावांसकट. मी ती ओळ निदान वीस वेळा पाहिली असेल, पण शेवटपर्यंत एकदाही वाचली नाही. फायरवॉलचा प्रश्न आहे असं धरून मी नेटवर्कवाल्यांच्या मागे लागले.

तेवढ्यात टीममधल्या एका सीनियरने माझ्या खुर्चीमागे उभं राहून सांगितलं, “अगं, निओफोरजे काढ, बोल्ट टाक. चालतं.” मी टाकलं. चाललं. मी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या कामाला लागले.

ते का चाललं, हे मी विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, म्हणून इथे सावकाश सांगते. ‘बोल्ट://’ लिहिलं की ड्रायव्हर तुम्ही दिलेल्या त्या एकाच सर्व्हरशी बोलतो आणि इकडेतिकडे बघत नाही. ‘निओफोरजे://’ लिहिलं की तुम्ही दिलेला पत्ता फक्त चौकशीपुरता असतो. ड्रायव्हर तिथे जाऊन विचारतो, की लिहायचं असेल तर कुठे जाऊ आणि वाचायचं असेल तर कुठे. सर्व्हर उत्तरादाखल पत्त्यांची यादी देतो, आणि त्यानंतरचा सगळा कारभार त्या यादीतल्या पत्त्यांवर चालतो. ही यादी डीफॉल्टनुसार ३०० सेकंद ग्राह्य धरतात, मग ड्रायव्हर ती पुन्हा मागवतो.

गावात नवख्या माणसाने एखाद्याचं घर विचारलं की उत्तर मिळतं, “पाटलांच्या वाड्यामागे.” सांगणाऱ्याच्या दृष्टीने पत्ता पूर्ण असतो. नवख्याला पाटलांचा वाडाच माहीत नसतो. आमचे सर्व्हर मला डेटा सेंटरच्या आतली नावं सांगत होते. ती एकमेकांना ठाऊक होती, माझ्या लॅपटॉपला नव्हती. कनेक्शन तुटत नव्हतं, पासवर्ड चुकत नव्हता, फायरवॉलही मधे येत नव्हती. मला मिळालेला पुढचा पत्ता माझ्या जागेवरून निरुपयोगी होता, इतकंच.

बोल्ट टाकून मी ही चौकशीच बंद केली. एरर गेली, आणि तीच फाइल पहिल्या सर्व्हरच्या नावासह टेस्ट एन्व्हायर्नमेंटला पोचली. सुमारे अडीच आठवडे सगळं सुरळीत होतं, कारण आमच्या डेटाबेसचा लीडर, म्हणजे लिहिणं स्वीकारणारा सर्व्हर, योगायोगाने तोच सर्व्हर होता. मग पॅचिंगसाठी तो रीस्टार्ट झाला आणि लीडरपद दुसऱ्याकडे गेलं. रात्रीचा लोड, म्हणजे डेटा भरण्याचं काम, फसला. वाचणं चालू, लिहिणं बंद! स्क्रीनवर रिपोर्ट व्यवस्थित दिसत होते, त्यामुळे कनेक्शनवर कोणाचाच संशय गेला नाही. मी दीड दिवस युजरचे रोल, ग्रँट आणि लोडची स्क्रिप्ट तपासत राहिले. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हा सर्व्हर फॉलोअर आहे, लिहायचं असेल तर लीडरकडून लिहा. लीडर हा शब्दच माझ्या डोक्यात नव्हता, म्हणून ते वाक्य दिसूनही मला कळलं नाही.

हे तुमच्यासोबत होईल. क्लस्टर असेल आणि यूआरआयमध्ये बोल्ट असेल तर आज ना उद्या नक्की होईल. पण घाबरायचं कारण नाही, कारण तपासणं सोपं आहे. आधी बोल्टनेच कनेक्ट व्हा आणि ‘शो डेटाबेसेस’ चालवा. ४.४ मध्ये कुठल्या पत्त्यावर कोण लीडर आहे आणि कोण फॉलोअर, ते समोर येतं. मग ‘डीबीएमएस.राउटिंग.गेटराउटिंगटेबल’ ही प्रोसीजर चालवून सर्व्हर कोणते पत्ते देतोय ते पाहा. ते एकेक करून, ज्या मशीनवर अ‍ॅप्लिकेशन चालणार आहे त्याच मशीनवरून उघडतात का बघा. तुमच्या लॅपटॉपवरून बघून उपयोग नाही. उघडत नसतील तर दुरुस्ती सर्व्हरवर करायची असते, तुमच्या फाइलमध्ये नाही. ४.४ मध्ये ती सेटिंग ‘डीबीएमएस.कनेक्टर.बोल्ट.अ‍ॅडव्हर्टाइज्ड_अ‍ॅड्रेस’, ५ मध्ये ‘सर्व्हर.बोल्ट.अ‍ॅडव्हर्टाइज्ड_अ‍ॅड्रेस’. डॉकरमध्ये हेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून देताना टिंबाच्या जागी एक अंडरस्कोर आणि मूळ अंडरस्कोरच्या जागी दोन लागतात. ड्रायव्हरमध्ये रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारा कोड) लिहून हे सुटेल असं कोणी सांगेल, पण यादीतून आलेले पत्ते तो बदलून देत नाही. तो चौकशीच्या पहिल्या पत्त्यासाठी असतो.

लॅपटॉपवर टनेलमधून नुसतं वाचायला बोल्ट वापरायला माझी हरकत नाही. मी अजूनही वापरते, पण स्वतःच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, आणि ती फाइल गिटमध्ये जात नाही.

सीनियरबद्दल माझं मत आता पक्कं आहे. जो तुमच्या खांद्यावरून एक शब्द बदलायला सांगून निघून जातो, त्याने तुमचा वेळ वाचवलेला नसतो. मला शेवटी सोडवलं ते दुसऱ्या टीममधल्या एका डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, ताईंनी. त्यांनी कीबोर्डला हातही लावला नाही. माझ्याकडून वहीच्या पाठीमागे तीन चौकोन काढून घेतले, टनेलचा बाण काढायला लावला आणि विचारलं, “आता हा सर्व्हर तुला जे नाव सांगतो, ते तुझ्या मशीनला कुठून कळणार?” तिथेच माझी ट्यूब पेटली. अशी माणसं मिळतात. पण तुम्ही एरर पूर्ण वाचून, चित्र काढून त्यांच्याकडे जा.

तिन्ही सर्व्हरची सेटिंग बदलून घेतली, फाइलमध्ये पुन्हा ‘निओफोरजे://’ आणलं. वाचणाऱ्या क्वेरींना रीड मोड लावला, कारण तो नाही लावला तर वाचणंही लीडरकडेच जातं. लोडचं लिहिणं ‘राइटट्रान्झॅक्शन’मध्ये घातलं. त्यात तात्पुरती अडचण आली तर ड्रायव्हर तेच फंक्शन पुन्हा चालवतो, म्हणून आतला माझा रेकॉर्ड मोजणारा काउंटर बाहेर काढावा लागला.

मग टेस्टमध्ये लोड चालू असताना ताईंनी मुद्दाम लीडर बंद केला. लॉग काही सेकंद थांबला, दोन वॉर्निंग आल्या आणि पुढचा बॅच दुसऱ्या सर्व्हरवर लिहिला गेला.