विकत घेतलेलं ई-पुस्तक कॉम्प्युटरवर कसं वाचायचं

खात्यातून पैसे गेले, पावतीची मेल आली, डाउनलोड्समध्ये फाइलही दिसते. पण डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, ही कशात उघडू? बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. एखादं सॉफ्टवेअर शोधायला लागण्याआधी एवढं बघा, की दुकानानं तुम्हाला फाइल दिली आहे की फक्त खात्यात शिरून वाचायची परवानगी. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

फाइल मिळाली असेल तर तिच्या नावाची शेपटी बघायची. विंडोज ती लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वर 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. नावाच्या शेवटी पीडीएफ, ईपब किंवा एसीएसएम यांपैकी काहीतरी दिसेल.

ईपब

विंडोजमध्ये ईपब वाचायची सोय मुळातच नाही. पूर्वी एज ब्राउझरमध्ये होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. काही कॉम्प्युटरवर ही फाइल विनरारमध्ये उघडते आणि आत पन्नास बारक्या फाइली दिसतात. पुस्तक खराब नाही. ईपब आतून झिपच असते. ती मोकळी करत बसू नका. 'थोरियम रीडर' हे मोफत सॉफ्टवेअर टाका (विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं) आणि फाइल उचलून त्याच्या खिडकीत सोडा. पुस्तकं शे-दोनशे झाली आणि लेखकवार लावून ठेवायची असतील तर 'कॅलिबर' घ्या. नुसतं वाचायला थोरियम जास्त सुटसुटीत आहे.

मराठी पुस्तकासाठी पुढच्या सेटिंग्जवर पाच मिनिटं जरूर घालवा. ओळींमधलं अंतर दीडपट किंवा त्याहून थोडं जास्त ठेवा. आपल्या लिपीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीला पुरणारं अंतर मराठीला कमी पडतं. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यावरच राहू द्या. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि 'सांगली'ची 'सां ग ली' होते. अक्षरं मोठी हवी असतील तर फॉन्टचा आकार वाढवा. फॉन्ट निवडायची वेळ आली तर विंडोजमधला 'निर्मला यूआय' चालेल. कादंबरीसाठी 'नोटो सेरिफ देवनागरी' डोळ्यांना जास्त बरा वाटतो, आणि तोही मोफत आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही असं समजा. फॉन्ट बदलला की अक्षरं येतात.

एसीएसएम

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. फाइलचा आकार बघा: दोन-चार केबी. एवढ्यात अख्खं पुस्तक मावणारच नाही. ही वाचनालयातल्या मागणीच्या चिठ्ठीसारखी असते; चिठ्ठी दाखवली की पुस्तक मिळतं. चिठ्ठी दाखवायची जागा म्हणजे 'अडोबी डिजिटल एडिशन्स' हे मोफत सॉफ्टवेअर.

ते टाकल्यावर आधी 'हेल्प' मेन्यूतून 'ऑथराइज कॉम्प्युटर' करा. इथं आयडी न देता पुढं जायचाही पर्याय असतो. तो घेऊ नका. आयडीशिवाय उघडलेलं पुस्तक त्याच कॉम्प्युटरला बांधलं जातं, आणि विंडोज नव्यानं टाकावं लागलं की हातचं जातं. अडोबीचा आयडी काढून तोच द्या. एका आयडीवर सहा कॉम्प्युटरपर्यंत चालतात. मग एसीएसएम फाइल उघडली की खरं पुस्तक उतरतं आणि डॉक्युमेंट्समधल्या 'माय डिजिटल एडिशन्स' फोल्डरमध्ये जाऊन बसतं.

दुसऱ्या वापरकर्त्यानं आधीच घेतलं आहे अशा अर्थाचा एरर आला तर ती चिठ्ठी आधी वेगळ्या आयडीनं उघडली गेली आहे. पुन्हा पुन्हा क्लिक करून उपयोग नाही. तोच जुना आयडी वापरा, नाहीतर दुकानाला मेल करून नवी फाइल मागा. कॉम्प्युटर विकण्याआधी किंवा फॉरमॅटला देण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून त्याचं ऑथरायझेशन काढून घ्या, नाहीतर सहातली एक जागा फुकट जाते.

पीडीएफ

उघडायला काहीच लागत नाही, एजमध्येही उघडते. अक्रोबॅट रीडरमध्ये वाचत असाल तर 'प्रेफरन्सेस'मधल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये शेवटचं पान लक्षात ठेवायचा पर्याय आहे. तो सुरू करा, म्हणजे रोज पान शोधावं लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. बऱ्याच जुन्या मराठी पीडीएफ युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर त्या पुस्तकात शब्द शोधता येणार नाही. कादंबरीला काही बिघडत नाही. एमपीएससीच्या अभ्यासाचं पुस्तक असेल तर मात्र हा मोठा तोटा आहे.

युनिकोड पुस्तकातही शोध कधी कधी हुकतो. 'दुसऱ्या' मधला ऱ्या टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. दिसायला सारख्या, कॉम्प्युटरच्या लेखी वेगळ्या. असा शब्द सापडला नाही तर नुसतं 'दुस' टाकून शोधा.

फाइलच दिली नसेल तर

किंडलचं पुस्तक विंडोज आणि मॅकवर किंडलच्याच ॲपमध्ये वाचायचं किंवा ब्राउझरमध्ये. काही पुस्तकं ब्राउझरमध्ये उघडत नाहीत; तेव्हा ॲप टाका. पूर्वी वेबसाइटवरून पुस्तकाची फाइल उतरवून केबलनं किंडलमध्ये टाकता यायची. ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे, म्हणून जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेलं ते बटण शोधत बसू नका.

गूगल प्ले बुक्स ब्राउझरमध्येच चालतं. तिथं पुस्तकाशेजारच्या तीन ठिपक्यांत 'एक्स्पोर्ट' असेल तर फाइल मिळते: कुलूप (प्रत दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून फाइलवर घातलेलं बंधन) नसेल तर ईपब किंवा पीडीएफ, असेल तर वर सांगितलेली एसीएसएम. ॲपल बुक्सचं पुस्तक मॅकवर वाचता येतं, पण विंडोजसाठी त्यांचं वाचायचं ॲप नाही. घरी विंडोजच असेल तर तिथून घेऊच नये.

मुलानं पुण्याहून पुस्तक घेऊन दिलं आणि इथं सांगलीच्या विश्रामबागेत आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर ते दिसत नाही, असं फार वेळा होतं. कारण एकच: पुस्तक मुलाच्या खात्यात आहे आणि लॉगइन आई-बाबांचं आहे. मुलाला फोनवर घ्या, त्याच्या खात्यानं लॉगइन करा आणि ओटीपी त्याच्याकडून लगेच विचारून टाका. ऑफिसच्या किंवा नेट कॅफेच्या मशीनवर वाचलंत तर उठण्याआधी साइन आउट करा. त्याच खात्यात तुमचं कार्डही जोडलेलं असतं.

पावसाळ्याआधी

नेट चालू असतानाच पुस्तकं उतरवून ठेवा. उतरलं आहे की नाही, याची खरी परीक्षा एकच: वायफाय बंद करा आणि पुस्तकाच्या मधलं एखादं पान उघडा. पहिलं पान दिसलं म्हणून समाधान मानू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेला सीपीयूही अशा पाण्यात वाचत नाही. कुलूप नसलेल्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर ठेवा. कुलूपवाल्या फाइलींची नुसती प्रत पुरत नाही, कारण त्या ठरलेल्या आयडीशिवाय उघडतच नाहीत. कुठलं पुस्तक, कुठल्या दुकानातून आणि कुठल्या मेल आयडीवर घेतलं, हे वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. पासवर्ड त्यात लिहू नका.

कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअर नेटवर दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका: २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात यासाठी कलम ६५अ आहे, आणि अशा डाउनलोडबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो तो वेगळाच. त्यापेक्षा पैसे भरण्याआधी दुकानाला थेट विचारा: ईपब की पीडीएफ? कुलूप आहे का? किती कॉम्प्युटरवर चालेल? आणि मोफत नमुना मिळत असेल तर तो फोनवर चाळू नका. ज्या कॉम्प्युटरवर पुस्तक वाचणार आहात, त्याच्यावरच उघडून एक जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद नीट वाचून बघा.