मांजराला गोचीड चावल्याची शंका आली तर काय करावे

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधल्या कुत्र्यांच्या कानांत गोचिडी सहज दिसतात. तिथेच फिरणाऱ्या मांजराच्या अंगावर मात्र बहुतेक वेळा एकही सापडत नाही, कारण मांजर दिवसभर अंग चाटते आणि गोचीड पोटात जाते किंवा गळून पडते. तोवर तिने रक्तात परजीवी सोडलेला असू शकतो. म्हणून गोचीड दिसण्याची वाट पाहू नका, मांजराकडे पाहा.

आधी हिरड्या. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात ओठ हळूच वर करा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या किंवा पिवळसर असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बाबेशिया हा परजीवी लाल पेशींत वाढतो आणि त्या फोडतो, त्यातून रक्तक्षय आणि कधी कावीळ होते. खाणे सोडणे, कोपऱ्यात बसून राहणे, धाप लागणे हीही लक्षणे. आजारी मांजर दुखणे लपवते, त्यामुळे एक दिवस उपाशी राहिली तरी गंभीरपणे घ्या. मांजराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. हात लावून ताप कळत नाही.

गोचीड सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, तेल, काडी काही नको. बोटांनी चिरडू नका. झाकणाच्या डबीत घालून डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात रक्ताची काचपट्टी तपासायला सांगा. परजीवी थोडे असतील तर ते काचपट्टीवर नजरेतून सुटतात, मग पीसीआर (रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) करावी लागते. औषध परजीवीनुसार बदलते. कुत्र्याच्या बाबेशियावर चालणारे औषध मांजरावर चालेलच असे नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा जीव घेते.

सगळ्यात कळकळीने सांगायचे ते हे: कुत्र्याचे गोचिडीचे औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असले तर झटके येतात, मांजर दगावते. घरात कुत्राही असेल तर त्याचे औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवा.

गोचीड भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली हजारो अंडी घालते, म्हणून फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. पेस्ट कंट्रोल करायचे असेल, तर घरात मांजर आहे हे बोलावतानाच सांगा.