व्याख्या पाठ करण्याआधी एक ओवी टिपून पाहा

लोकसाहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला सुरुवात केली की पहिल्याच सत्रात व्याख्यांची रास पुढ्यात येते. मीही त्या वर्षभर पाठ केल्या आणि उत्तरपत्रिकेत लिहिल्या. पण पहिल्यांदा गावात जाताना त्यांचा काही संबंध येईल असे माझ्या मनातही आले नव्हते. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी लिहिताना मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, की संकलकाच्या वहीत काय उतरेल आणि काय गळून जाईल हे त्याने मनात धरलेली व्याख्याच ठरवत असते, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात मी जात्यावरच्या ओव्या टिपायला गेले, तेव्हा दोन दिवसांत साठएक ओव्या उतरवून समाधानाने परतले. माझ्या मार्गदर्शकांनी वही चाळली आणि विचारले, की या कोणी म्हटल्या, समोर कोण बसले होते, आणि म्हणताना हात खुंट्यावर होता का? माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांनी मला रागावण्याऐवजी एकोणिसाव्या शतकाचा इतिहास पुन्हा वाचायला सांगितला, आणि तो या वेळी मला वेगळाच दिसला.

ऑगस्ट १८४६ मध्ये विल्यम जॉन थॉम्स यांनी टोपणनावाने ‘अथेनिअम’ या नियतकालिकाला पत्र लिहून लोकसाहित्यासाठी ‘फोकलोअर’ हा शब्द सुचवला. त्याआधी इंग्लंडमध्ये या सामग्रीला लोकांतील पुराणवस्तू म्हणत असत, आणि नाव बदलले तरी दृष्टी बराच काळ तीच राहिली. चालीरीती, समजुती, गाणी, म्हणी लोप पावण्याआधी गोळा करून ठेवायच्या, हा त्यामागचा ध्यास होता. पुढे १८७१ मध्ये मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी ‘अवशेष’ ही कल्पना मांडली; तिच्यानुसार लोकसमजुती म्हणजे मागे पडलेल्या अवस्थेच्या उरलेल्या खुणा. वस्तू जुनी आणि मौल्यवान ठरली, पण ती सांगणारे माणूस केवळ तिचा रखवालदार ठरले. माझी पहिली वही नेमकी याच विचाराची होती.

आपल्याकडचे दोन ग्रंथ या संदर्भात शेजारी ठेवून वाचावेत. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ प्रसिद्ध केले. त्यातील कथा तिला ॲना लिबराता डिसूझा या आयाने सांगितल्या होत्या. फ्रिअरने प्रत्येक कथा लिहून झाल्यावर ॲनाला वाचून दाखवली आणि पुस्तकात तिचे आत्मवृत्तही छापले, म्हणून त्या कथा तिला आजीकडून मिळाल्या होत्या हे आज आपल्याला कळते. याउलट १९२४ च्या ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ या ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांच्या ग्रंथाची सामग्री मुख्यतः शाळामास्तरांना पाठवलेल्या प्रश्नावल्यांतून जमली. तिथे माहितीची विपुलता थक्क करणारी आहे, परंतु स्रोत म्हणून शाळामास्तर आणि गाव सापडते. ज्या म्हातारीने त्याला ते सांगितले असेल ती सापडत नाही. कालक्रमाने नंतरचा ग्रंथ पद्धतीनेही पुढचाच असतो, असे म्हणूनच गृहीत धरू नये.

कथाप्रकारांची सूची तर हाताशी हवीच. अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये केली, स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये सुधारली. तुमच्या आजीची गोष्ट किती दूरवर सांगितली जाते हे तिच्यामुळे समजते. व्लादिमीर प्रॉप यांचा १९२८ चा अभ्यास रशियन अद्भुतकथांतील पात्रांच्या ३१ कार्यांचा, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृतींचा आहे. तो मुळातून वाचावा, पण तो प्रत्येक मराठी कहाणीवर ओढूनताणून बसवू नये.

खरा पालट त्यानंतरचा आहे. लोकसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक ॲलन डंडेस यांनी ‘लोक’ म्हणजे निरक्षर खेडूत ही समजूत मोडून काढली. किमान एक समान दुवा असलेला कोणताही गट म्हणजे ‘लोक’, असे त्यांनी मांडले. डॅन बेन-आमोस यांनी १९७१ मध्ये लोकसाहित्याला लहान गटातील कलात्मक संवाद म्हटले. हे मी अनेकदा वाचले होते, पण कळले ते दुसऱ्या खेपेला त्याच गावात. पहिल्या खेपेला ओव्या म्हटलेल्या एका आजींना मी एक ओवी नुसती सांगायला लावली तेव्हा त्या दुसऱ्या ओळीशीच अडल्या. मग त्या जात्याशी बसल्या, मूठभर दाण्यांची वैरण घातली, खुंटा फिरू लागला, आणि ती ओवीच नव्हे तर तिच्यामागून आणखी सात-आठ ओव्या आल्या.

मराठीत वाचनाची सुरुवात दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’पासून करावी आणि मग सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे, तारा भवाळकर यांच्याकडे जावे. ओव्यांवर काम करायचे असेल तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभा केलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह पाहावाच, आणि त्यात गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव कसे जपले आहे याकडे विशेष लक्ष द्यावे.

माझ्या पहिल्या वहीत याच आजींनी म्हटलेल्या, भावावरच्या एका ओवीत नावाच्या जागी मी रेघ मारली होती, कारण त्यांच्या शेजारणीने तीच ओवी दुसऱ्या नावाने म्हटली होती आणि नाव म्हणजे निव्वळ पाठभेद असे मी धरून चालले होते. दुसऱ्या खेपेला विचारले तेव्हा कळले, की दोघींनी आपापल्या सख्ख्या भावाचे नाव घातले होते, आणि आजींचा भाऊ वारल्यालाही बरीच वर्षे झाली होती. रेघ खोडून मी तिथे दोन्ही नावे लिहिली, कोणते कोणी घेतले त्यासह.