केमिस्ट्री नावडते म्हणून नर्सिंग सोडू नका, पण या चुका टाळा

नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते मला ऐकू येऊ लागते: "बाकी सगळे जमेल, पण केमिस्ट्री डोक्यावरून जाते." त्यावर मी एवढेच विचारते की, केमिस्ट्रीतले नेमके काय डोक्यावरून जाते? उत्तर बहुधा सेंद्रिय रसायनशास्त्रापाशी येऊन थांबते. बेंझीनची वलये, एका संयुगापासून दुसरे बनवण्याच्या लांबलचक साखळ्या, पाठ करूनही परीक्षेत न आठवलेली समीकरणे अशी ती यादी असते. यातले वॉर्डमध्ये जवळपास काहीही लागत नाही, आणि तरीही याच यादीकडे बघून कितीतरी जण अर्ज न भरताच माघार घेतात. शाळेतल्या एका पेपरवरून अख्ख्या व्यवसायाचा निकाल लावणे, ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे.

परिचारिकेला लागणारी केमिस्ट्री रुंदीने अगदी लहान असते, पण ती पक्की असावी लागते. नॉर्मल सलाईन ०.९ टक्के असते, म्हणजे १०० मि.ली. पाण्यात ०.९ ग्रॅम आणि लिटरभरात ९ ग्रॅम मीठ. त्याऐवजी नुसते शुद्ध पाणी शिरेत का सोडायचे नाही, याचे उत्तर शाळेत पाण्यात भिजवून फुगवलेल्या मनुक्यात आहे. पाणी आत शिरून रक्तातल्या तांबड्या पेशी तशाच फुगतात आणि फुटतात. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलीमोल प्रतिलिटर या अरुंद पट्ट्यात राहावे लागते आणि ते फार वर गेले की हृदयाची लय बिघडते, म्हणूनच पोटॅशियम क्लोराइडचे संहत इंजेक्शन कधीही थेट शिरेत ढकलायचे नसते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो, हे परीक्षेपुरते घोकलेल्या विद्यार्थिनीला ते खरे कळते ते मधुमेहाच्या एखाद्या अत्यवस्थ रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याचे खोल, भरभर चाललेले श्वास मोजताना. ते शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून रक्तातले आम्ल कमी करायला धडपडत असते. ही केमिस्ट्री नावडती असली तरी चालते, कारण माणूस समोर असला की ती बऱ्याच जणांना आपोआप समजू लागते.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच वाईट आहे. "नर्सिंगला केमिस्ट्री लागतच नाही" असे छातीठोकपणे सांगणारे हितचिंतक प्रत्येकाला भेटतात. प्रवेशाच्या अटी अभ्यासक्रमागणिक वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी रसायनशास्त्र अनिवार्य असते, तेव्हा ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे त्याचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. प्रवेश मिळाल्यावरही जीवरसायनशास्त्र आणि औषधशास्त्र हे विषय पुढे उभे असतातच.

आता ज्या चुकीने माझा संयम सुटतो तिच्याकडे येते. ती म्हणजे एककांशिवाय आकडेमोड करणे. एकदा एका शिकाऊ विद्यार्थिनीला दोन टक्के लिग्नोकेनचे (जागा बधिर करणारे औषध) ५० मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून आणायला सांगितले होते. तिचे केमिस्ट्रीचे गुण उत्तम होते आणि ते ती स्वतःच सांगत असे. बराच वेळ ती परतली नाही म्हणून मी बघायला गेले, तर ट्रेमध्ये दोन-दोन मि.ली.चे तेरा अँप्यूल (औषधाच्या काचेच्या बंद कुप्या) ओळीने मांडलेले, चार फोडून झालेले, आणि दहा मि.ली.ची सिरिंज पुरत नाही म्हणून ती मोठी शोधत होती. "मॅडम, पंचवीस मि.ली. होतात," ती म्हणाली. तिने दोन टक्के म्हणजे मि.ली.मागे २ मिलिग्रॅम असे धरले होते. प्रत्यक्षात दोन टक्के म्हणजे १०० मि.ली.मध्ये २ ग्रॅम, अर्थात २००० मिलिग्रॅम, म्हणजे मि.ली.मागे २० मिलिग्रॅम. तेव्हा हवे होते अडीच मि.ली. आणि ती निघाली होती दहापट डोस घेऊन. तेवढे लिग्नोकेन शिरेत गेले असते तर रुग्णाला झटके आले असते, कदाचित हृदयही थांबले असते. तिचे सूत्र बरोबर होते, गुणाकार-भागाकारही बरोबर होता. फक्त त्या आकड्यांना ग्रॅम, मिलिग्रॅम अशी नावे नव्हती.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे आणि ती मी प्रत्येक तुकडीच्या गळी उतरवते. मोबाइलमधले गणकयंत्र उघडण्याआधी उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज मोठ्याने बोलायचा, मग कागदावर एककांसह सरळ त्रैराशिक मांडायचे, आणि एका डोससाठी दोन-तीनपेक्षा जास्त अँप्यूल लागताहेत असे दिसले की हात थांबवून दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगायचे. "दहा सेकंदांत डोस काढा" छापाच्या युक्त्या शिकवणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही, कारण युक्ती जिथे फसते तिथे ती का फसली हे शिकणाऱ्याला कळत नाही. आणि ज्याला केमिस्ट्रीचा नव्हे, तर अशा मोजमापाचा आणि पुन्हा पुन्हा तपासण्याचाच कंटाळा आहे, त्याने मात्र नर्सिंगचा निर्णय घेण्याआधी खरोखर थांबून विचार करावा.

दोन औषधे पारदर्शक दिसतात म्हणून एकाच नळीतून सोडणे, ही घाई करणाऱ्यांची आवडती चूक आहे. फेनिटॉइन हे फिट्सवरचे औषध डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, गेले की पांढरट साका धरतो, तसेच सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक आणि कॅल्शियम यांचे आहे. नळीत आलेला तो दुधाळपणा "बुडबुडे असतील" म्हणून सोडून देणारी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. दोन औषधांच्या मध्ये नळी सलाईनने धुवायची, आणि शंका असेल तर औषधासोबतची पत्रिका वाचायची.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. अ‍ॅड्रेनलिन या तातडीच्या औषधाच्या अँप्यूलवरचे १:१००० म्हणजे मि.ली.मागे १ मिलिग्रॅम आणि १:१०,००० म्हणजे त्याच्या एक दशांश, हे "बघू तेव्हा" म्हणून पुढे ढकलू नये. ब्लीचमध्ये आम्लाचे क्लीनर मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. स्पिरिट जितके तीव्र तितके चांगले असे समजू नये. सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा जंतू अधिक चांगले मारते, कारण प्रथिने मोडायला पाणीही लागते. आपल्याला समजले नाही हे शिक्षकांपासून लपवू नये, कारण शेवटी ते रुग्णापाशी उघडे पडते.

आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधी भीतीपोटी केमिस्ट्रीचे अख्खे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. तसे घेणारे तिसऱ्या प्रकरणात दमतात आणि मग "मला जमणारच नाही" असे म्हणत पुन्हा माझ्याकडे येतात. त्यांना मी द्रावणे, आयन आणि आम्ल-आम्लारी ही तीनच प्रकरणे काढून देते, सोबत टक्केवारीची वीस उदाहरणे, आणि प्रत्येक ओळीत एकक लिहिलेले नसेल तर वही तपासत नाही.