वासराचा पाय मोडला तर आधी बांधा, मग गाडीत घाला

पाऊस लागला. आता गोठ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरणार, सोडलेली गुरं रात्री सुकं बघून रस्त्यावर येऊन बसणार, त्यांच्यासोबतची वासरं गाडीखाली येणार, आणि अडलेल्या गाईचं वासरू चार जण मिळून ओढणार. गोव्यात सत्तरी काय, सांगे काय, काणकोण काय, सगळीकडे तेच.

माझं एकच सांगणं आहे आणि ते मी परत परत सांगणार. मोडलेला पाय न बांधता वासरू पिकअपमध्ये टाकू नका. गुडघ्याखाली नळीवर मांस नसतं, फक्त कातडी, आणि तुटलेल्या हाडाचं टोक सुरीसारखं असतं. घरी असताना फ्रॅक्चर आतल्या आत असतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत हाड कातडी फाडून बाहेर, वर शेणमाती. चार-सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून जुळलं असतं ते हाड मग आतून पिकतं, ऑपरेशन केलं तरी भरवसा राहत नाही, आणि मालक म्हणतो डॉक्टरने काय केलं नाही.

बांधायचं कसं ते बघा. चार इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून दोन पन्हळी करा, नाहीतर बांबूच्या कांबी घ्या. पायाला आधी कापूस किंवा जुनी चादर गुंडाळा, मग एक पन्हळ मागून आणि एक बाजूने लावून वरून पट्टी. नळी मोडली असेल तर खुराच्या टोकापासून गुडघ्याच्या बऱ्यापैकी वरपर्यंत, म्हणजे मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही आत आले पाहिजेत. त्याच्या वरचं हाड मोडलं तर बाहेरच्या बाजूची कांब पुढच्या पायाला खांद्यापर्यंत, मागच्याला कमरेपर्यंत न्यायची. कांब मोडलेल्या जागेवरच संपली तर तिथेच टेका मिळतो आणि हाड जास्त हलतं, त्यापेक्षा न बांधलेलं बरं. मांडीचं किंवा खांद्याजवळचं हाड असेल तर बांधूच नका, गवताच्या जाड गादीवर आडवं घालून एक माणूस डोक्याशी बसवून न्या. सुंभ आवळून बांधायचा नाही, त्याने खालचा पाय काळा पडून खूर गळतो, तेही बघितलंय. खूर गरम आहे आणि चिमटा काढला तर वासरू पाय ओढतं, तर अजून जीव आहे असा माझा अंदाज, बाकी एक्सरे सांगेल.

आणि ‘उद्या बघू’ नको. त्याच दिवशी.

नळी जागेवर असेल तर नुसतं प्लास्टर चालतं. त्याच्या वरच्या हाडांना कधी पिना घालून वर प्लास्टर, मांडीला हाडाच्या पोकळीत पिना. एकदम कोवळ्या वासराचं हाड मऊ, त्यात स्क्रू नीट धरत नाही, म्हणून डॉक्टर स्क्रूने बसवायची प्लेट नको म्हणाला तर वाद घालू नका.

दुखण्याला मेलॉक्सिकॅम, किलोला 0.5 मिलीग्राम, म्हणजे 30 किलोच्या वासराला 15 मिलीग्राम, पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात म्हणून मिली किती ते डॉक्टर सांगेल तेवढंच. मेडिकलवाल्याने डायक्लोफेनॅक दिलं तर घेऊ नका, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून ते जनावरांना 2006 पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक 2023 पासून. आणि हाड जुळायला म्हणून कॅल्शियमच्या मोठ्या बाटल्या गळ्यात मारतात त्याही नकोत, पोटभर दूध पिणाऱ्या वासराला त्या लागत नाहीत, ते पैसे एक्सरेला ठेवा.

ताज्या वासराचा पाय मोडला की ते उभं राहत नाही, मग चीक पीत नाही, आणि पाय नीट बांधलेला असूनही आठवड्यात हगवणीने जातं. काढून बाटलीने पाजा, वजनाचा दहावा भाग, अर्धा पहिल्या दोन तासात, बाकीचा 12 तासांच्या आत.

बाकी पावसाळी कामं:
- चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडणं, वर रबर मॅट किंवा सुकं गवत
- बेंबीला आयोडीन
- वासरू ओढताना फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, दुसरा वेढा खाली. दोन माणसांपेक्षा जास्त जोर नाही, ट्रॅक्टर तर नाहीच
- कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटांवर फळी
- पाईपच्या दोन पन्हळी आणि कापूस गोठ्यात टांगून ठेवणं, आजच

प्लास्टर घातल्यावर पावसात ते भिजणार, वर प्लास्टिक बांधा पण रात्री काढा. रोज हुंगून बघा. वास आला, वरच्या कडेला सूज आली, ओल दिसली किंवा टेकवत होतं तो पाय उचलून धरला तर रविवार असला तरी डॉक्टरला फोन. वाढतं वासरू आहे, तीन आठवड्यांनी प्लास्टर बदलावं लागू शकतं, तिथे बरेच जण परत येतच नाहीत. आणि बदलायला नेताना प्लास्टर सैल वाटलं तर परत त्याच दोन पन्हळी वरून बांधा आणि मगच गाडीत घाला.