उताऱ्यावर बोट ठेव: इंग्रजी अनसीनची तयारी घरी कशी करावी

गोव्यातली आमची बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. दहावीपर्यंत ती विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं इंग्रजीतून लिहू लागतात, पण त्यातलं पुष्कळसं पाठ केलेलं असतं. अनसीन पॅसेज, म्हणजे परीक्षेत येणारा पाठ्यपुस्तकाबाहेरचा, आधी न वाचलेला उतारा, पाठ करता येत नाही. म्हणून एरवी वर्गात पुढे असलेली मुलंही तिथे गुण घालवून बसतात. मी चोडण बेटावर राहते. हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, आता वाड्यावरची दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. त्यांना मी एकच नियम घालून दिला आहे. उत्तर लिहिण्याआधी ते उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर अजून लिहायचं नाही.

आधी उतारा वाचायचा की आधी प्रश्न, यावर शिक्षकांत दोन मतं आहेत. मी आधी उताऱ्याच्या बाजूची. एकदा, शेवटपर्यंत, पेन्सिल खाली ठेवून, कुठेही न अडता वाचायचा. प्रश्न आधी वाचलेलं मूल उतारा वाचतच नाही, प्रश्नातला शब्द शोधत फिरतं. तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तरपत्रिकेत उतरवतं. प्रश्न काढणाऱ्यांना ही सवय चांगली ठाऊक असते.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी मुलांसाठी छोटे उतारे स्वतः लिहिते. विषय घरचाच घेते, म्हणजे अडचण फक्त भाषेची उरते. खाजन शेतीवरचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवरचा, हा एक तुकडा पाहा:

«द वुडन गेट्स नीड नो वॉचमन. व्हेन द टाइड राइझेस, द रिव्हर इटसेल्फ पुशेस देम शट. व्हेन इट फॉल्स, द वॉटर फ्रॉम द फील्ड्स पुशेस देम ओपन. यट द बंड्स डू नीड मेन, अँड मेन आर नाऊ हार्ड टू फाइंड. अ सिंगल ब्रीच लेफ्ट अनरिपेअर्ड कॅन टर्न अ फील्ड साल्टी फॉर इयर्स.»

आमच्याकडच्या मुलांनी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, पाहिलेली असते. भरती चढली की नदीच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की शेतातलं साचलेलं पाणी ती दारं ढकलून बाहेर पडतं. तरीही पहिला प्रश्न विचारला, ‘हू शट्स द गेट्स?’, की दोघं-तिघं हमखास लिहितात, ‘द वॉचमन’. कारण माणसाचं नाव वाटावं असा तोच एक शब्द पहिल्या ओळीत दिसतो. त्याच्या आधीचा ‘नो’ नजरेतून सुटतो. अशा वेळी मी चूक सांगत नाही, ‘कुठे आहे ते दाखव’ एवढंच म्हणते. बोट ‘वॉचमन’वर जातं, तिथून मागे सरकून ‘नो’वर येतं, आणि मूल स्वतःच पुढच्या वाक्यात नदीपाशी पोचतं.

दुसरा प्रश्न: ‘व्हेन इट फॉल्स’ म्हणजे काय खाली येतं? नदी? दारं? इथे पेन्सिल हातात घ्यायची. दुसऱ्या वाचनात इट, देम, दिस, देअर असा कुठलाही शब्द आला की त्याच्यापासून मागे बाण काढायचा, ज्याच्याबद्दल तो बोलतो तिथपर्यंत. इथला बाण ‘टाइड’पर्यंत जातो. ‘देम’चे दोन्ही बाण ‘गेट्स’पर्यंत. सुरुवातीला कागद बाणांनी भरून जातो, भरू द्या. पुढे मुलांना ते मनातल्या मनात दिसायला लागतात.

त्याच पेन्सिलीने बट, यट, हाउएव्हर, आल्दो, अनलेस, इन्स्टेड या शब्दांभोवती गोल करायचे. लेखक जिथे वळतो तिथे हे शब्द असतात, आणि प्रश्नही बहुधा वळणावरच विचारलेले असतात. आमच्या तुकड्यात ‘यट’च्या आधी दारांना माणूस लागत नाही, आणि नंतर बांधांना लागतो. ‘व्हाय आर द बंड्स इन डेंजर?’ या प्रश्नाचं उत्तर ‘बिकॉज’ शोधून मिळणार नाही, तो शब्द उताऱ्यात नाहीच. दोन वाक्यं जोडावी लागतात: बांध दुरुस्त करायला माणसं मिळत नाहीत, आणि दुरुस्तीविना राहिलेलं एक भगदाडसुद्धा शेत वर्षानुवर्षं खारं करून टाकतं. अशा प्रश्नाला एक बोट पुरत नाही, दोन ओळींवर दोन बोटं ठेवायची. मुलांना हे फार आवडतं, आणि अनुमानाच्या प्रश्नाची भीती तिथेच निम्मी होते.

‘ब्रीच’ शब्द बहुतेकांना येत नाही. शब्दकोश लगेच उघडू देऊ नका, परीक्षेत तो नसतो. आजूबाजूला पाहायला सांगा. आधी ‘सिंगल’ आहे, म्हणजे मोजता येणारी वस्तू. नंतर ‘अनरिपेअर्ड’, म्हणजे काहीतरी मोडलेलं. मागच्या वाक्यात बांध आहेत, आणि परिणाम काय, तर शेत खारं होणं. एवढ्यावर मूल ‘बांध फुटलेली जागा’ असं म्हणतंच. उतारा संपल्यावर शब्दकोशात खात्री करून घ्यावी. शब्दांच्या लांब याद्या पाठ करण्यावर माझा विश्वास नाही.

घरच्या विषयाचा एक धोका मात्र आहे, आणि त्यावर मी मुद्दाम प्रश्न काढते: ‘हाऊ डू द गेट्स हेल्प द व्हिलेज?’ लगेच कोणी लिहितं की मानशीवर सुंगटं (कोळंबी) मिळतात, मासे मिळतात, कोरगुट भात पिकतं. सगळं खरं, पण उताऱ्यात यातलं काहीच नाही. अनसीनमध्ये आपल्याला काय माहीत आहे ते विचारत नाहीत, लेखकाने इथे काय लिहिलं आहे ते विचारतात. स्वतःचं मत विचारलेला प्रश्न वेगळा, तिथे मोकळेपणाने लिहावं. बाकी सगळीकडे घरचं ज्ञान समजून घेण्यापुरतं वापरायचं, उत्तरात आणायचं नाही.

लांब वाक्यांचं काय करायचं? मराठी वाचणाऱ्याला क्रियापद शेवटी येईल असं गृहीत धरायची सवय असते. इंग्रजीत कर्ता सुरुवातीला येतो, मध्ये एखादं हू किंवा विच घुसतं, आणि खरं क्रियापद पुढे कुठेतरी दडलेलं असतं. ‘द फार्मर्स हू मेंडेड द बंड्स एव्हरी समर आर ओल्ड नाऊ.’ इथे मुलं ‘शेतकऱ्यांनी दर उन्हाळ्यात बांध दुरुस्त केले’ एवढंच सांगून थांबतात. हूपासून समरपर्यंतचा भाग हाताने झाकायला सांगा. उरतं काय? शेतकरी आता म्हातारे झाले आहेत. वाक्याला सांगायचं आहे ते हे. झाकलेला भाग मग परत उघडायचा. शब्दाला शब्द लावून मराठी करत बसू नका. एक वाक्य वाचायचं, डोळे वर करायचे, आणि त्यात कोणी काय केलं ते कोकणीत किंवा मराठीत, घरात जसं बोलतो तसं, सांगायचं. सांगता आलं तर पुढे.

उत्तर लिहिण्याबद्दल थोडंच. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की उत्तर ‘यट’ने किंवा ‘इट’ने सुरू होतं आणि तपासणाऱ्याला कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळत नाही, तिथे नाव घाला. प्रश्न भूतकाळात असेल तर उत्तरही भूतकाळात. प्रश्नाला जेवढं हवं तेवढंच लिहा. शीर्षक विचारलं असेल तर ते सगळ्या उताऱ्याला लागू पडायला हवं, शेवटच्या परिच्छेदापुरतं नको.

रोजच्या सरावाला वर्तमानपत्र पुरे. माझी पद्धत अशी: गावातली किंवा तालुक्यातली एखादी बातमी आधी ‘गोमन्तक’ किंवा ‘नवप्रभा’त वाचायची, मग तीच ‘नवहिंद टाइम्स’ किंवा ‘हेराल्ड’मध्ये शोधायची. विषय माहीत असल्यामुळे मूल इंग्रजीला घाबरत नाही. मग विचारायचं: इंग्रजी बातमीत असं काय आहे जे मराठीत नव्हतं? त्याचं उत्तर द्यायचं तर बारकाईने वाचावंच लागतं. हात बसला की क्रम उलटा करायचा: आधी इंग्रजी, नंतर मराठी, आणि आपल्याला किती कळलं होतं ते तपासायचं. अग्रलेखापासून सुरुवात करू नका, त्यातली वाक्यं दहावीच्या मुलाला दमवतात. आधी बातम्या, मग वाचकांची पत्रं, अग्रलेख बारावीत. पेपर घरी येत नसेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय सगळ्यांसाठी खुलं आहे. आमची मुलं फेरीबोटीने रायबंदरला उतरून तिथून बसने जातात, आणि बोटीवर एक छोटी बातमी सहज वाचून होते.

आईवडिलांसाठी मला हे फार मनापासून सांगायचं आहे: तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी तुम्ही हा सराव घेऊ शकता. किती तरी आया मला म्हणतात, ‘टीचर, आम्ही मराठी शाळेतल्या, आम्ही काय शिकवणार?’ शिकवायचं नाहीच. मुलाशेजारी बसा आणि प्रत्येक उत्तराला विचारा, ‘कुठे आहे? दाखव. आता ते मला आपल्या भाषेत सांग.’ मूल भलतीकडे बोट ठेवून काहीतरी सांगू लागलं, तर सांगताना त्याचं त्यालाच अडखळायला होतं. तेवढं अडखळणं पुरेसं आहे, ते परत वाचतं. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला ठरवावं लागत नाही. शिकवणीची फी भरूनही जे मिळत नाही ते स्वयंपाक करता करता अर्ध्या तासात देता येतं.

घड्याळ मात्र लगेच लावू नका. पहिले काही आठवडे एका उताऱ्याला संध्याकाळभर वेळ लागला तरी चालेल. बाण न काढता ते दिसू लागले की वेळ लावा, आणि आधी फक्त वाचनाला. बारावीच्या मुलांनी या टप्प्यावर उताऱ्याच्या मुद्द्यांची टिपणं काढायला घ्यावीत: प्रत्येक परिच्छेदाचं सार चार-पाच शब्दांत, पूर्ण वाक्य न लिहिता.

जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत मागितल्या तर मिळतात. त्या मिळाल्या की मुलं सगळ्या एकदम सोडवून टाकतात, आणि शेवटच्या महिन्यात न वाचलेला उतारा हाताशी उरत नाही. दोन-तीन प्रश्नपत्रिका पाकिटात घालून आईकडे द्या, परीक्षा जवळ आल्यावरच उघडायच्या. त्या सोडवताना बोटाचा नियम चालू ठेवा, फक्त बोटाऐवजी समासात ओळीचा क्रमांक लिहा.