सदाफुलीचं मूळ आणि कोरी चकती

सदाफुलीच्या मुळातले अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, तपासायचे म्हटलं की मुलं थेट बाटल्यांकडे धावतात. मी आधी हातात खुरपं देते. झाड फुलावर असताना काढायचं, बारीक मुळ्याही सोडायच्या नाहीत. माती धुवून सावलीत वाळवा. मुळी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती लवली तर अजून ओली आहे. चव बघू नका, झाड विषारी आहे.

५ ग्रॅम भुकटी पातळ अमोनियाने ओलसर करा. मुळात अल्कलॉइड आम्लांशी बांधलेले असतात. अमोनियाने सुटे झाले की क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. फ्यूम हूडमध्ये ५० मिली क्लोरोफॉर्म घाला, रात्रभर झाकून ठेवा, गाळा. मग सेपरेटिंग फनेलमध्ये पातळ सल्फ्युरिक आम्लासोबत हलवा. घुसळू नका हं, नाहीतर मधे ताकासारखा थर धरतो आणि दुपार त्याच्याकडे बघण्यात जाते. मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडा. क्लोरोफॉर्म जड, खाली बसतो. आपल्याला वरचं आम्ल हवं, अल्कलॉइड आता त्यात असतात.

त्यात मेयर अभिकर्मकाचे (अल्कलॉइड ओळखायच्या द्रावणाचे) थेंब टाकले की साईच्या रंगाचा साका दिसतो. काळ्या कागदासमोर नळी धरा. ड्रॅगेनडॉर्फ हे याच कामाचं दुसरं द्रावण मुळातच नारिंगी, त्यामुळे नुसता रंग बघून हुरळून जाऊ नका. गढूळपणा आला, साका बसला, तरच खरं. तुलनेला शेजारी नुसत्या आम्लाची नळी हवीच.

एवढ्याने 'अल्कलॉइड आहेत' इतकंच कळतं. सदाफुलीच्या मुळात अजमॅलिसिन नावाचं अल्कलॉइड असतं, पण या साक्यावरून तेच आहे असं म्हणता येत नाही. औषधी गुण तर दूरच.

जंतूंवरचा परिणाम बघायचा तर ६ मिमीच्या कागदी चकत्या, म्युलर-हिंटन अगर (जंतू वाढवायचं माध्यम) आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीतली सूक्ष्मजीव प्रयोगशाळा. इथे माझीच फजिती झाली होती. मिथेनॉलमधल्या अर्काच्या चकतीभोवती १२ मिमीचा स्वच्छ झोन, म्हणजे जंतू न वाढलेला गोल, बघून मी वहीत लाल शाईने 'परिणामकारक' लिहिलं. मग कोऱ्या मिथेनॉलच्या चकतीकडे नजर गेली. तिच्याभोवती ११ मिमी! चकत्या नीट वाळल्याच नव्हत्या, जंतू उरलेल्या मिथेनॉलनेच अडवले होते.

तेव्हापासून चकत्या मिथेनॉलचा वास जाईपर्यंत वाळवते, प्रत्येक प्लेटवर कोरी चकती आणि ओळखीच्या प्रतिजैविकाची एक ठेवते, आणि पट्टी आधी कोरीवर लावते.